नारीशक्ती आणि पद्म पुरस्कारांसाठी आपल्या भागातल्या कर्तबगार बाईंचं नाव कसं पाठवायचं?

अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. गावरान बियाणं जपायचं, वाढवायचं आणि शेजारपाजारच्या शेतकऱ्यांना द्यायचं, हे काम त्यांनी घराच्या अंगणातून सुरू केलं. 8 मार्च 2019 रोजी राष्ट्रपतींच्या हस्ते त्यांना 2018 सालचा नारीशक्ती पुरस्कार मिळाला आणि नोव्हेंबर 2021 मध्ये त्यांनी पद्मश्री स्वीकारली. बुलढाणा जिल्ह्यात साप वाचवणाऱ्या वनिता बोराडे, डाउन सिंड्रोम असूनही कथक नृत्यात नाव कमावणारी पुण्याची सायली आगवणे, वाहन संशोधनाच्या क्षेत्रात ठसा उमटवणाऱ्या रश्मी ऊर्ध्वरेषे, या सगळ्या नारीशक्ती पुरस्काराच्या मानकरी आहेत.

अशा बाया प्रत्येक तालुक्यात असतात, हे मी खात्रीने सांगते. मात्र काम करणाऱ्या बाईला स्वतःची फाईल करायला सवड नसते, आणि ज्यांना सवड असते त्यांना ‘आपण कोण नाव पाठवणारे’ असं वाटतं. वास्तविक नाव कुणीही पाठवू शकतं. त्यासाठी पद, ओळख किंवा पैसा लागत नाही. प्रस्ताव मात्र नीट लागतो, आणि तो कसा करायचा ते इथे पायरीपायरीने सांगते आहे.

आधी ठरवा: कोणता सन्मान?

महिलांसाठीचा केंद्र सरकारचा मानाचा पुरस्कार म्हणजे नारीशक्ती पुरस्कार. तो 1999 मध्ये स्त्रीशक्ती पुरस्कार म्हणून सुरू झाला. तेव्हा त्यातले वेगवेगळे पुरस्कार माता जिजाबाई, देवी अहिल्याबाई होळकर, राणी लक्ष्मीबाई, कण्णगी, राणी गाइदिन्ल्यू अशा नावांनी दिले जायचे. पुढे त्याची फेररचना होऊन आजचं नाव आलं. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालय त्याचं काम पाहतं आणि मार्च 2022 पर्यंत राष्ट्रपती भवनात 8 मार्चला, जागतिक महिला दिनी, राष्ट्रपतींच्या हस्ते तो दिला जायचा. प्रशस्तिपत्र आणि 2 लाख रुपये असं त्याचं स्वरूप राहिलं आहे. व्यक्तीचं वय किमान 25 वर्षं हवं. संस्थेचं नाव पाठवत असाल तर त्या क्षेत्रात किमान 5 वर्षांचं काम हवं. हा पुरस्कार आधी मिळालेला असेल, जुन्या नावाने का होईना, तर पुन्हा मिळत नाही.

वयाला वरची मर्यादा नाही. केरळच्या कार्त्यायनी अम्मांनी 96 व्या वर्षी साक्षरतेच्या परीक्षेत 100 पैकी 98 गुण मिळवले आणि मार्च 2020 मध्ये त्या या पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. त्याच समारंभात हवाई दलाच्या लढाऊ वैमानिक अवनी चतुर्वेदी, भावना कांत आणि मोहना सिंह यांचाही गौरव झाला.

हवाई दलातल्या या तिघींचं उदाहरण मुद्दाम दिलं, कारण दुसरा मार्ग पद्म पुरस्कारांचा आहे आणि तिथे नोकरीचा नियम आडवा येतो. डॉक्टर आणि शास्त्रज्ञ वगळता, सेवेत असलेल्या सरकारी आणि सार्वजनिक उपक्रमातल्या कर्मचाऱ्यांना पद्म पुरस्कार मिळत नाही. म्हणजे बाई सरकारी नोकरीत असतील तर नारीशक्तीची नामांकनं खुली असतील तेव्हा त्याचा विचार करा, निवृत्त असतील तर दोन्ही वाटा मोकळ्या. पद्म पुरस्कार स्त्री-पुरुष दोघांसाठी आहेत, 1954 पासून दिले जातात आणि प्रजासत्ताक दिनाच्या आदल्या दिवशी जाहीर होतात. त्यात रोख रक्कम नसते, सनद आणि पदक असतं. शिवाय तो किताब नव्हे, त्यामुळे नावाच्या आधी किंवा मागे ‘पद्मश्री’ लावता येत नाही. आपल्याकडे निमंत्रणपत्रिकांवर ते सर्रास छापतात, तेवढं टाळा.

पद्म पुरस्कार सहसा मरणोत्तर दिले जात नाहीत. सिंधुताई सपकाळ यांना 2017 चा नारीशक्ती पुरस्कार मिळाला होता. पद्मश्री त्यांनी नोव्हेंबर 2021 मध्ये स्वीकारली आणि 4 जानेवारी 2022 रोजी त्या गेल्या. अवघे दोन महिने. तुमच्या मनात असलेल्या बाई सत्तरीच्या पुढे असतील तर ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणू नका.

त्यांना विचारा, आणि मग ऐका

परस्पर नाव पाठवू नका. पहिली भेट फक्त परवानगीसाठी. प्रस्तावात त्यांच्या आयुष्यातलं काय लिहायचं आणि काय नाही, हे त्यांनीच ठरवायचं. नवऱ्याने टाकलं, घरात मारहाण झाली, जातीवरून हिणवलं गेलं, या गोष्टी वाचणाऱ्याला भिडतात म्हणून लिहायचा मोह होतो. पण उद्या निवड झाली तर तेच वर्तमानपत्रात छापून येईल आणि त्यांची मुलंबाळं ते वाचतील. त्या ‘लिही’ म्हणाल्या तरच लिहा.

कामाची माहिती घ्यायला दुसऱ्यांदा जा. इथे एक अडचण हमखास येते. ‘तुम्ही काय केलं?’ असं विचारलं की उत्तर येतं, ‘मी कुठं काय केलं, सगळ्यांनी मिळून केलं.’ हे खरंही असतं आणि अर्धवटही असतं. म्हणून प्रश्न बदला. पहिल्या बैठकीला किती जणी आल्या होत्या? बैठक कुणाच्या ओसरीवर झाली? कुणी विरोध केला? त्या दिवशी घरचा स्वयंपाक कुणी केला? पैसे पहिल्यांदा कुणी दिले, किती दिले? अशा प्रश्नांना बाया भरभरून उत्तरं देतात, आणि काम नेमकं कुणी ओढून नेलं ते त्यांतूनच कळतं. मग त्यांच्यासोबतच्या दोन-तीन जणींना वेगवेगळं भेटा. बाई स्वतःबद्दल जे सांगत नाहीत ते या मैत्रिणी सांगतात.

सालाचा घोळ हा दुसरा प्रश्न. ‘धाकटा पोटात होता तेव्हा’ हे उत्तर फॉर्मच्या रकान्यात बसत नाही. अशा वेळी सगळ्यांना आठवणाऱ्या घटना खुंटीसारख्या वापरा: 1972 चा दुष्काळ, सप्टेंबर 1993 चा किल्लारीचा भूकंप, 26 जुलै 2005 चा पाऊस, 2019 चा सांगली-कोल्हापूरचा महापूर, कोरोनाची टाळेबंदी. ‘भूकंपाच्या आधी की नंतर?’ असं विचारलं की साल आपोआप जवळ येतं. मुलांचे शाळेचे दाखलेही उपयोगी पडतात. सगळं बोलणं परवानगी घेऊन मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा.

कागद जमवणं, हेच खरं काम

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. निवड समितीतली माणसं तुमच्या गावात आलेली नाहीत, येणारही नाहीत. त्यांच्यासमोर फक्त कागद असतो.

सुरुवात नावापासून करा. आधार कार्डावर एक नाव, रेशन कार्डावर दुसरं, माहेरचं तिसरं, आणि वर्तमानपत्रात गाव ज्या नावाने हाक मारतं ते चौथं, हे आपल्याकडे घरोघरी आहे. प्रस्तावात आधार कार्डावरचं नाव घ्या आणि ‘या नावानेही परिचित’ असं लिहून बाकीची नावं द्या. नाहीतर कात्रणातली बाई आणि प्रस्तावातली बाई एकच आहे हे वाचणाऱ्याला कळणार कसं?

कात्रणांचंही तसंच. जपून ठेवलेल्या कात्रणांत बातमी असते, पण वर्तमानपत्राचं नाव, तारीख आणि आवृत्ती कापून गेलेली असते. असं कात्रण पुरावा म्हणून लंगडं पडतं. जिल्ह्याच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयात किंवा त्या दैनिकाच्या जिल्हा कार्यालयात फाईल चाळून संपूर्ण पानाचा फोटो मिळवा. बातमीइतकीच तिची तारीख महत्त्वाची आहे.

फोटो निवडताना सत्काराचे फोटो बाजूला ठेवा. शाल-श्रीफळाचे दहा फोटो एकच गोष्ट सांगतात, की सत्कार झाले. त्यापेक्षा काम चालू असतानाचे दोन फोटो पुरेत. प्रत्येकाखाली ठिकाण, साल आणि काय चाललं आहे ते एका ओळीत लिहा.

सरकारी कागदांचं वजन सगळ्यांत जास्त. ग्रामसभेचा ठराव, तहसीलदारांचा आदेश, कृषी विभागाचं पत्र, पंचायत समितीचा अहवाल, बँकेचं बचत गटाच्या कर्जफेडीचं पत्र, शाळेच्या पटाची नोंद. संस्था असेल तर धर्मादाय आयुक्तांकडची नोंदणी आणि लेखापरीक्षण अहवाल. ग्रामपंचायतीकडून ठरावाची नक्कल मिळत नसेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज करा. त्याला 30 दिवसांपर्यंत लागू शकतात, म्हणून हे काम सुरुवातीलाच हाती घ्या.

आधीचे छोटे सन्मानही जोडा. जिल्हा परिषदेचे, राज्य सरकारचे, विद्यापीठाचे. गावपातळीवर अहिल्यादेवींच्या नावाने झालेला गौरवही चालतो. पण दहापेक्षा जास्त पुरस्कारांची यादी देऊ नका, तिच्या गर्दीत काम हरवून जातं.

मजकूर: 800 शब्दांत काय बसवायचं

पद्म पुरस्कारासाठीच्या कार्याच्या वर्णनाला जास्तीत जास्त 800 शब्दांची मर्यादा आहे. नारीशक्तीसाठीही तेवढ्यातच बसवा, असा माझा सल्ला आहे. पोर्टलवरचा मजकूर इंग्रजीत किंवा हिंदीत लागतो, पण आधी मराठीत लिहा. बाई ज्या भाषेत बोलल्या त्याच भाषेत तपशील शाबूत राहतात. भाषांतर नंतर इंग्रजीच्या शिक्षकाकडून करून घ्या आणि ते करताना तो विशेषणं वाढवणार नाही याकडे लक्ष ठेवा.

विशेषणं हाच आपल्या प्रस्तावांचा रोग आहे. एक नमुना बघा. समजा, एखाद्या बाईंनी गावातलं दारूचं दुकान बंद पाडलं. आपल्याकडे बहुतेक जण असं लिहितात:

‘सौ. अमुक या एक धडाडीच्या, निःस्वार्थी व तळमळीच्या समाजसेविका असून त्यांनी दारूबंदीच्या क्षेत्रात अतुलनीय कार्य करून समाजापुढे आदर्श निर्माण केला आहे.’

हे वाक्य कुणाच्याही नावापुढे चिकटवता येतं, म्हणून ते कुणाचंच नाही. आता दुसरं वाचा:

‘श्रीमती अमुक यांनी गावातल्या महिला मतदारांच्या सह्या गोळा करून दारू दुकान बंद करण्यासाठी मतदानाची मागणी केली. सह्यांसाठी त्या वाड्यावस्त्यांवर रात्री फिरल्या, कारण दिवसा बाया मजुरीला जात. मतदानात एकूण महिला मतदारांपैकी निम्म्यांहून जास्त जणींनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला. दुकान बंद झाल्याच्या आदेशाची प्रत सोबत आहे. त्यानंतर शेजारच्या गावांनी त्यांना बोलावून हीच पद्धत समजून घेतली.’

यात स्तुतीचं एकही विशेषण नाही, तरी बाई डोळ्यांसमोर उभ्या राहतात. रात्री का फिरल्या, या एका कारणात त्यांची सगळी समज आली. ‘आडवी बाटली’ म्हणजे काय हे दिल्लीत बसलेल्या माणसाला माहीत नसेल, तेव्हा एका वाक्यात समजावून सांगा: महाराष्ट्रात अशा मतदानात मतपत्रिकेवर दोन चिन्हं असतात, उभी बाटली म्हणजे दुकान राहू दे, आडवी म्हणजे बंद करा. बचत गट, ग्रामसभा, पाणलोट, वाडी, पाडा या शब्दांचाही तसाच उलगडा करा.

मजकुराची मांडणी मी साधारण अशी करते. पहिल्या शंभर शब्दांत बाई कोण, कुठल्या, आणि त्यांचं एकच मुख्य काम. लगेच पुढे त्याआधीची परिस्थिती: पाणी किती लांबून आणत, मुली कितवीपर्यंत शिकत, कोणतं वाण नष्ट होत चाललं होतं. नंतर काम, टप्प्याटप्प्याने, सालासकट. निम्मे शब्द इथे खर्च करा. मग परिणाम: किती गावं, किती कुटुंबं, आणि बाई तिथे नसतानाही काम चालू राहतं का. हा शेवटचा प्रश्न फार मोलाचा आहे. राहीबाईंच्या कामाकडे पाहा. बियाणं एका घरात साठून राहिलं नाही, बियाणे बँक उभी राहिली आणि गटांमार्फत ते दुसऱ्यांच्या शेतात गेलं. काम एका माणसापुरतं न उरता पसरतं, तेव्हा ते राष्ट्रीय सन्मानाच्या तोडीचं होतं.

आकडे देताना फुगवू नका. ‘हजारो महिला’ लिहिण्यापेक्षा ‘14 गावांतले 62 गट’ असं, यादीतून मोजलेलं लिहा. खरा आकडा लहान असला तरी चालतो. निवडीच्या टप्प्यावर माहितीची पडताळणी होते, आणि एक खोटा आकडा सापडला तर सगळा प्रस्ताव संशयात येतो.

पोर्टलवर भरताना

दोन्ही पुरस्कारांची नामांकनं केंद्र सरकारच्या राष्ट्रीय पुरस्कार पोर्टलवर, म्हणजे अवॉर्ड्स डॉट जीओव्ही डॉट इन इथे, ऑनलाइन भरायची असतात. टपालाने फाईल पाठवून उपयोग नाही. कोणत्या पुरस्काराची नामांकनं सध्या खुली आहेत आणि शेवटची तारीख कोणती, हे तिथेच दिसतं. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे गेल्या वर्षीच्या व्हॉट्सॲप संदेशावर विसंबू नका. नारीशक्तीची नामांकनं त्या वेळी खुली नसतील तर फाईल कपाटात ठेवू नका, पद्मसाठी भरा.

नोंदणी तुमच्या, म्हणजे नाव पाठवणाऱ्याच्या नावाने होते. मोबाइलवर ओटीपी येतो, तेव्हा नंबर तुमचा स्वतःचा आणि चालू असलेला द्या. सायबर कॅफेवाल्याचा ईमेल देऊ नका, पुढचा पत्रव्यवहार त्याच्याकडे जाईल. स्वतःचं नामांकन स्वतः करण्याचीही मुभा आहे. काम करणाऱ्या बाईला स्वतः भरायचं असेल तर त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

क्षेत्र निवडताना थांबून विचार करा. पद्ममध्ये कला, समाजकार्य, विज्ञान व अभियांत्रिकी, वैद्यक, साहित्य व शिक्षण, व्यापार व उद्योग, क्रीडा अशी क्षेत्रं आहेत आणि ‘इतर’ही आहे. आपल्याकडे बाईचं नाव आलं की सगळे डोळे मिटून ‘समाजकार्य’ निवडतात. पण बाई वारली चित्रकार असतील तर क्षेत्र कला आहे, जंगलातल्या वनौषधी देणाऱ्या असतील तर वैद्यकाचा विचार करा. बाईचं प्रत्येक काम सेवाच असतं, ही समजूत फॉर्ममध्ये तरी नको. त्यांचं कसब त्यांच्या नावावर लागू द्या.

मजकूर आधी वेगळ्या फाईलमध्ये तयार ठेवा, शब्द मोजा आणि मगच चिकटवा. भरलेली माहिती मसुदा म्हणून जतन करता येते, पण मसुदा म्हणजे नामांकन नव्हे. शेवटचं ‘सबमिट’ झाल्याशिवाय काही पोचत नाही. पोच मिळाली की तिचा स्क्रीनशॉट घ्या. शेवटच्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते, आठवडाभर आधीच भरून मोकळे व्हा.

शिफारसपत्रं आणि पैसे मागणारे

आमदार-खासदारांची पत्रं मिळवण्यात लोक महिने घालवतात. माझ्या मते ज्यांना कामाची माहिती आहे त्यांचं एक पत्र पुरेसं बोलतं: निवृत्त कृषी अधिकारी, प्राथमिक आरोग्य केंद्राचे डॉक्टर, विद्यापीठातले अभ्यासक. राज्य सरकारही पद्मसाठी केंद्राकडे नावं पाठवतं, तेव्हा तुमच्या प्रस्तावाची एक प्रत जिल्हाधिकारी कार्यालयात देऊन पोच घ्यायला हरकत नाही. बाकी निवडीची रीत ठरलेली आहे. पद्म पुरस्कार समिती पंतप्रधान दरवर्षी नेमतात, तिचे अध्यक्ष कॅबिनेट सचिव असतात, आणि समितीच्या शिफारशी पंतप्रधान आणि राष्ट्रपतींकडे मान्यतेसाठी जातात.

आणि हे ठळकपणे सांगायला हवं: सरकारी पुरस्काराच्या नामांकनाला एक रुपयाही शुल्क नसतं. ‘राष्ट्रीय’, ‘भारत’, ‘नारी’ असे शब्द जोडून खासगी मंडळी पुरस्कार जाहीर करतात आणि मग नोंदणी, स्मृतिचिन्ह, हॉटेल यासाठी बायांकडूनच पैसे मागतात. अंगणवाडीतल्या, बचत गटातल्या बायांनी दागिना गहाण ठेवून असे पुरस्कार घेतलेले आहेत. मला याचा मनस्वी संताप येतो. तुमच्या बाईंना असा फोन आला तर त्यांना आधीच सावध करून ठेवा. ‘दिल्लीत आमची ओळख आहे’ म्हणणाऱ्यालाही दारातूनच परत पाठवा.

पाठवल्यानंतर

बाईंना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा की देशभरातून फार मोठ्या संख्येने नावं जातात. एका वर्षात साधारणपणे जास्तीत जास्त 120 पद्म पुरस्कार देता येतात, नारीशक्ती तर त्याहून खूप कमी दिले गेले. गावात बोभाटा करू नका. नाव पाठवल्याचीच बातमी छापून आली आणि पुढे निवड झाली नाही, तर बोलणी त्यांना खावी लागतात.

निवड झाली नाही तर पुढच्या वर्षी नव्याने नामांकन भरा. जुनाच मजकूर जसाच्या तसा पाठवू नका. वर्षभरात झालेलं काम, नवे आकडे, नवा ठराव घाला. दरम्यान तीच फाईल राज्य सरकारच्या पुरस्कारांसाठी, कृषी विभागाच्या सन्मानांसाठी, विद्यापीठांच्या पुरस्कारांसाठी वापरता येते.

मूळ कागद बाईंना परत करा. सगळ्या कागदांची एक छापील प्रत त्यांच्या घरी आणि स्कॅन केलेली एक प्रत गावच्या शाळेत किंवा वाचनालयात ठेवा. पुढच्या वर्षी तुम्ही गावात नसलात, तरी दुसरं कुणीतरी तिथूनच काम पुढे नेऊ शकेल.